‘ऑफ’ म्हणजे नेहमी बंद नव्हे : कामाच्या जागी भेटणारी इंग्रजी जोडक्रियापदं



आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी सुचवला आहे. कुणी बेंगळुरूला आहे, कुणी हैदराबादला, कुणी बडोद्यात, इंदुरात, गुरुग्रामला. घरी मराठी, बाजारात तिथली भाषा आणि कामावर इंग्रजी, असा तिहेरी संसार. सगळ्यांची तक्रार साधारण एकच : “सर, इंग्रजी वाचता येतं, अर्ज लिहिता येतो, पण मीटिंगमध्ये माणसं बोलायला लागली की सोपे सोपे शब्दच कळत नाहीत.” कठीण शब्दांनी अडलं असतं तर शब्दकोश उघडला असता. इथे अडतं ते ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, ‘लुक’ असल्या पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांनी, आणि त्यांना चिकटलेल्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘ओव्हर’ या शेपट्यांनी.

या जोडीला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. आपण तिला जोडक्रियापद म्हणू. पाठांतराची लांबलचक यादी आज मी देणार नाही. त्याऐवजी कामाचा एक दिवस घेऊ आणि त्यात ही क्रियापदं कुठे भेटतात, कशी चकवतात आणि त्यांना कसं ओळखायचं ते बघू.

एका शब्दाची किंमत

हा विषय किरकोळ वाटत असेल तर आधी एक हकीकत ऐका. माझ्या पलटणीतला एक हवालदार चाळिशीच्या आत निवृत्त झाला. फौजेत जवान लवकर घरी येतो, मुलं तेव्हा शाळेत असतात, त्यामुळे दुसरी नोकरी करावीच लागते. त्याला दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराबाहेर, एका गोदामावर सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी मिळाली. रात्रपाळीचे पहारेकरी वेगवेगळ्या राज्यांतले, म्हणून नोंदवही इंग्रजीत.

एका पहाटे सहा वाजता तो कामावर आला. नोंदवहीत रात्रीच्या माणसाने लिहिलं होतं : ‘फायर अलार्म वेंट ऑफ ॲट टू टेन.’ आमच्या हवालदाराने वाचलं, ‘आगीचा अलार्म २ वाजून १० मिनिटांनी बंद पडला.’ कारण ऑफ म्हणजे बंद. पंख्याचं बटण आपण ऑफ करतो, मोबाइल ऑफ करतो. त्याने तत्परतेने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि ‘अलार्म बंद आहे, दुरुस्त करा’ अशी तक्रार नोंदवली.

खरा अर्थ नेमका उलटा होता. ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. बॅटऱ्या चार्ज करायच्या खोलीत एक वायर धुमसत होती. दहाच्या सुमारास धूर दिसला, माणसं धावली, मोठी हानी टळली. पण हवालदाराच्या हातात मेमो आला : ‘अलार्मची नोंद वाचूनही दुर्लक्ष केलं.’

त्याने मला फोन केला. आवाज पडलेला होता. म्हणाला, “साहेब, मी दुर्लक्ष नाही केलं. वाचलं, आणि लगेच हालचालही केली.” ते खरंच होतं. ज्या माणसाने उमेदीची वर्षं रात्र रात्र जागून पहारा दिला, त्याला दोन अक्षरांच्या शब्दामुळे निष्काळजी ठरवलं गेलं. आम्ही दोघांनी मिळून उत्तर लिहिलं : त्याने काय वाचलं, त्यातून काय समजला, किती वाजता कुणाला फोन केला. उत्तर मान्य झालं. एक चांगली गोष्टही झाली. नोंदवहीत यापुढे ‘वेंट ऑफ’ लिहायचं नाही, ‘अलार्म साऊंडेड’ म्हणजे वाजला आणि ‘अलार्म नॉट वर्किंग’ म्हणजे बंद आहे, असं सरळ लिहायचं ठरलं.

मंडळी, कामावर ज्याला इंग्रजी बोलीतली ही वळणं कळत नाहीत, त्याला लोक भाषेत कच्चा म्हणत नाहीत. त्याला कामात कच्चा म्हणतात. म्हणून हा विषय महत्त्वाचा.

‘गो ऑफ’ आणि आपलं ‘सुटणं’

आता तुम्ही म्हणाल, ही कसली भाषा? एकाच ‘गो ऑफ’चा अर्थ अलार्मच्या बाबतीत वाजणं, बॉम्बच्या बाबतीत फुटणं, दुधाच्या बाबतीत नासणं आणि दिव्याच्या बाबतीत जाणं!

जरा थांबा. आपल्या मराठीतलं ‘सुटणं’ घ्या. शाळा सुटली म्हणजे संपली. गाडी सुटली म्हणजे निघाली. पण ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे मला मिळाली नाही. गोळी सुटली, वारा सुटला, घाम सुटला, पोट सुटलं, कोडं सुटलं, दारू सुटली. एखाद्या तमिळ मित्राला हे समजावून बघा. तो डोक्याला हात लावेल. आपल्याला मात्र कधी शंका येत नाही, कारण आपण नुसतं ‘सुटणं’ शिकलोच नाही. ‘शाळा सुटणं’, ‘घाम सुटणं’ असे जोडीने शिकलो. काय सुटलं हे ऐकलं की अर्थ आपोआप ठरतो.

आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच. जोडक्रियापद सुटं शिकायचं नाही, ते ज्या वस्तूबरोबर येतं तिच्यासकट शिकायचं. वहीत ‘गो ऑफ : वाजणे, फुटणे, नासणे’ असं लिहू नका. ‘द अलार्म वेंट ऑफ’, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, ‘द लाइट्स वेंट ऑफ’ अशी तीन वाक्यं लिहा. तीन वाक्यं, तीन चित्रं.

शेपटीने अर्थ बदलण्याची सवयही आपल्याला जुनी आहे. ‘लिहिणं’ घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून ठेव, लिहून टाक. क्रिया लिहिण्याचीच, पण प्रत्येकाची छटा वेगळी. साहेब सांगतात ते लिहून घ्यायचं, म्हणजे ‘टेक डाऊन’. सगळं विस्ताराने लिहून काढायचं, म्हणजे ‘राइट आऊट’. इंग्रजीत हेच काम अप, डाऊन, आऊट हे छोटे शब्द करतात.

आणि चकणारे आपण एकटे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना फार जड जाते, हे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव त्यामानाने अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून ते रूढ झालं.

शाळेत ही क्रियापदं का भेटली नाहीत?

भेटली, पण कमी. आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून, आणि पुस्तकी इंग्रजीत त्याच अर्थाचे भारदस्त शब्द असतात. यामागे इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कायदा, कारभार फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेला. विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत दोन थर तयार झाले. खालचा थर घरातल्या, शेतातल्या जुन्या शब्दांचा, आणि वरचा थर फ्रेंच-लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा.

मराठी माणसाला हे लगेच कळावं. सरकारी पत्रात ‘बैठक स्थगित करण्यात आली आहे’ असतं, आणि तोच कारकून चहा पिताना ‘मीटिंग पुढे ढकलली’ म्हणतो. इंग्रजीतही तसंच. पत्रात ‘पोस्टपोन’, बोलण्यात ‘पुट ऑफ’. पत्रात ‘कॅन्सल’, बोलण्यात ‘कॉल ऑफ’. पत्रात ‘इन्व्हेस्टिगेट’, बोलण्यात ‘लुक इंटू’. ‘टॉलरेट’ला ‘पुट अप विथ’, ‘सबमिट’ला ‘हँड इन’, ‘कंडक्ट’ला ‘कॅरी आऊट’.

म्हणजे गंमत बघा, आपल्याला स्थगित येतं, पण पुढे ढकलणं येत नाही. वरचा मजला बांधून तयार आहे, तळमजला राहिला आहे. चला, तो बांधू.

फोनवर

दिवस सुरू होतो फोनने. पलीकडून आवाज येतो, ‘हँग ऑन, आय विल पुट यू थ्रू टू अकाऊंट्स.’ हँग ऑन म्हणजे जरा थांबा, फोन चालू ठेवा. पुट थ्रू म्हणजे जोडून देणं. हँग ऑनचा सख्खा शेजारी ‘हँग अप’ मात्र फोन ठेवून देणं. ‘डोंट हँग अप’ ऐकून फोन ठेवलात तर काम गेलं.

मग खरखर येते आणि समोरचा म्हणतो, ‘यू आर ब्रेकिंग अप.’ घाबरू नका, कुणाचं लग्न मोडलेलं नाही. तुमचा आवाज तुटतोय, एवढंच. पुढे ‘वी गॉट कट ऑफ’ म्हणजे आपला फोन तुटला. आणि शेवटी ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणजे चौकशी करून तुम्हाला कळवतो. इथे आपल्याकडे ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणतात. भारतीय कचेऱ्यांत ते चालतं, पण परदेशी ग्राहकाला ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं वाटू शकतं. त्याच्याशी ‘गेट बॅक टू यू’ म्हणा.

मीटिंगमध्ये

आता एक छोटा संवाद. मॅनेजर आणि टीममधली एक मुलगी.

मॅनेजर : लेट्स गो ओव्हर द रिपोर्ट. एनीथिंग टू ब्रिंग अप?
मुलगी : येस सर. आय वॉन्ट टू पॉइंट आऊट वन थिंग. वी आर रनिंग आऊट ऑफ टाइम.
मॅनेजर : कॅन यू कम अप विथ अ प्लॅन बाय फ्रायडे?
मुलगी : आय विल वर्क इट आऊट, सर.

मराठीत सांगायचं तर असं. ‘चला, अहवाल नजरेखालून घालू. कुणाला काही विषय काढायचाय?’ ‘हो सर, एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. वेळ संपत आलाय.’ ‘शुक्रवारपर्यंत काही योजना सुचवशील?’ ‘काढते काहीतरी मार्ग, सर.’

‘रन आऊट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यष्ट्या उडतात. कामावर मात्र ‘रन आऊट ऑफ’ म्हणजे एखादी गोष्ट संपणं : कागद, पैसे, वेळ, धीर. त्यातला ‘ऑफ’सारखा ऐकू येणारा तिसरा शब्द हा बटणाचा ऑफ नव्हे. तो ‘ऑव्ह’ असा उच्चारायचा. त्यानंतर काय संपलं त्याचं नाव येतं.

मीटिंगच्या तारखांबाबत चार जोड्या अगदी पक्क्या करा, कारण इथे चुकलं की माणूस चुकीच्या दिवशी हजर होतो. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, पुन्हा होणार नाही. ‘पुश बॅक’ म्हणजेही पुढे ढकलणं, जरी बॅक म्हणजे मागे असलं तरी. आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणं. हा मराठी माणसासाठी खास सापळा आहे. फॉरवर्ड म्हणजे पुढे, आणि आपल्याकडे मीटिंग पुढे जाते म्हणजे उशिरा होते. इंग्रजीत ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू ट्यूझडे’ म्हणजे गुरुवारची मीटिंग मंगळवारी आली. भारतात याला ‘प्रीपोन’ म्हणतात. आपसात तो शब्द छान आहे, पण बाहेरच्या माणसाला सांगताना ‘अर्लिअर’ हा शब्द जोडून द्या.

काम देताना, घेताना

‘टेक ऑन’ म्हणजे काम अंगावर घेणं. ‘टेक ओव्हर’ म्हणजे दुसऱ्याकडून ताबा घेणं. ‘हँड ओव्हर’ म्हणजे ताबा देणं. फौजेत ‘हँडिंग-टेकिंग’ हा शब्द स्वयंपाक्यापासून कमांडिंग ऑफिसरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. एकही चमचा मोजल्याशिवाय बदली होत नाही. ‘हँड इन’ म्हणजे वरिष्ठांकडे सादर करणं, आणि ‘हँड आऊट’ म्हणजे वाटणं. ‘हँड इन द फॉर्म्स’ आणि ‘हँड आऊट द फॉर्म्स’ यांत फॉर्मचा प्रवास बरोबर उलट दिशेने होतो.

‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणं, ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर फिरवणं. मशीन बंद पडलं तर ‘ब्रोक डाऊन’. काम मागे पडलं तर ‘फेल बिहाइंड’, भरून काढलं तर ‘कॉट अप’. सहकारी आजारी असल्याचं कळवतो तेव्हा ‘ही कॉल्ड इन सिक’, आणि त्याच्या जागी तुम्ही उभे राहता तेव्हा ‘आय ॲम फिलिंग इन फॉर हिम’.

एक जोडी नाइलाजाने सांगावी लागते. ‘ले ऑफ’ म्हणजे कंपनीने माणसं कमी करणं. ‘आय वॉज लेड ऑफ’ यात तुमच्या कामाचा दोष अभिप्रेत नसतो. ‘आय वॉज फायर्ड’ यात बहुतेक वेळा असतो. कंपनीने खर्चकपातीत कमी केलेला माणूस मुलाखतीत ‘फायर्ड’ म्हणाला, तर नसलेला डाग स्वतःच्या हाताने लावून घेतो. शब्द बघून वापरा.

आपले खास शब्द, आणि बाहेर त्यांचं काय होतं

काही जोडक्रियापदांना आपण भारतात वेगळं वळण दिलं आहे. ते वळण चूक आहे असं मी म्हणणार नाही. कुठे चालतं आणि कुठे नाही, एवढं माहीत हवं.

पहिलं ‘पास आऊट’. फौजेत ‘पासिंग आऊट परेड’ हा आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. प्रशिक्षण संपवून माणूस बाहेर पडतो. ब्रिटिश लष्करी भाषेतूनच हा शब्द आला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. आपण तो कॉलेजला लावला : ‘आय पास्ड आऊट इन २०१२.’ पण जगात बहुतेक ठिकाणी रोजच्या बोलण्यात पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं. अमेरिकन मुलाखतकाराला वाटेल, हा २०१२ साली चक्कर येऊन पडला आणि अभिमानाने सांगतोय. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१२’ म्हणा.

दुसरं ‘पुट अप’. सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करतात, म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवतात. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ म्हणजे कुठे राहता. बाहेर ‘पुट अप’ म्हणजे मुख्यतः भिंतीवर लावणं, उभारणं, किंवा पाहुण्याला आपल्याकडे ठेवून घेणं. आणि ‘विथ’ जोडलं की अर्थ पार बदलतो : ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं.

तिसरं फौजेचं ‘फॉल इन’ आणि ‘फॉल आऊट’. जवानाला फॉल इन म्हणजे रांगेत उभं राहणं, फॉल आऊट म्हणजे रांगेतून मोकळं होणं. नागरी जीवनात ‘दे फेल आऊट’ म्हणजे त्यांचं बिनसलं. निवृत्त होऊन नव्या नोकरीत जाणाऱ्या माझ्या जवान बंधूंनी हे लक्षात ठेवावं. टीमला ‘फॉल आऊट’ म्हणाल तर माणसं बुचकळ्यात पडतील.

व्याकरण, पण तीनच नियम

पहिला नियम ‘इट’चा. काही जोड्यांच्या मध्ये कर्म बसू शकतं. ‘कॉल ऑफ द मीटिंग’ बरोबर, ‘कॉल द मीटिंग ऑफ’ही बरोबर. पण कर्माच्या जागी इट, हिम, देम असा छोटा शब्द असेल तर तो मध्येच बसतो : ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ कधीच नाही. काही जोड्या मात्र अभेद्य असतात : ‘लुक इंटू इट’, ‘लुक आफ्टर हिम’. तिथे मध्ये कुणाला शिरकाव नाही.

कोणती फुटते आणि कोणती नाही, हे कसं ओळखायचं? कानाने. हा दुसरा नियम. फुटणाऱ्या जोडीत जोर शेपटीवर असतो. ‘कॉल इट ऑफ’ म्हणताना आवाज ‘ऑफ’वर चढतो. ‘लुक इंटू इट’ म्हणताना तो ‘लुक’वर चढतो. बहुतेक वेळा ही खूण पुरते.

तिसरा नियम काळाचा. भूतकाळाचा प्रत्यय क्रियापदाला लागतो, शेपटीला नाही. ‘आय लॉग्ड इन’, ‘आय बॅक्ड अप द फाइल्स’, ‘वी फॉलोड अप’. ‘लॉगिन्ड’, ‘बॅकअप्ड’ असले शब्द कचेरीत सर्रास ऐकू येतात, ते सोडा. गोंधळ होतो कारण ‘बॅकअप’, ‘हँडओव्हर’, ‘ब्रेकडाऊन’ ही नामंही आहेत. नाम असताना जोर पहिल्या भागावर, क्रियापद असताना शेपटीवर. एकदा मोठ्याने म्हणून बघा, फरक कळेल.

शेपट्यांचा ढोबळ नकाशा

नवीन जोडी कानावर पडली तर अंदाज बांधायला थोडी मदत. ‘अप’ पुष्कळदा काम पुरं झाल्याचं सांगतो, आपल्या ‘टाकणं’सारखा : ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाकणं, ‘फिनिश अप’ म्हणजे संपवून टाकणं. ‘ऑन’ चालू ठेवणं सांगतो : ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’. ‘ओव्हर’मध्ये गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ‘आऊट’मध्ये दडलेलं बाहेर येतं : ‘फाइंड आऊट’, ‘पॉइंट आऊट’. ‘डाऊन’मध्ये जोर कमी होतो किंवा गोष्ट कागदावर उतरते : ‘स्लो डाऊन’, ‘नोट डाऊन’. ‘ऑफ’मध्ये काहीतरी आपल्या जागेवरून सुटतं. मीटिंग वेळापत्रकातून सुटते, माणूस नोकरीतून सुटतो, अलार्म शांततेतून सुटतो.

पण हा नकाशा आहे, जमीन नव्हे. फौजेत शिकवतात, नकाशा आणि जमीन जुळत नसेल तर जमिनीवर विश्वास ठेवा. अंदाज बांधा, पण अंदाजावर काम करू नका.

मग खात्री कशी करायची?

वायरलेसची शिस्त इथे उपयोगी पडते. महत्त्वाचा निरोप आला की घेणारा तो परत वाचून दाखवतो. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणतो. ‘रिपीट’ म्हणत नाही, कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे तोच मारा पुन्हा करा. एका शब्दाने गोळे पडू शकतात म्हणून शब्द ठरवून ठेवले आहेत. विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. न विचारणाऱ्याला मात्र कुणी माफ करत नाही.

तुम्हीही हेच करा, फक्त एक युक्ती जोडून. जोडक्रियापद ऐकलं की तेच परत म्हणू नका. ते तुम्हाला येणाऱ्या पुस्तकी शब्दात फिरवून विचारा. साहेब म्हणाले, ‘द क्लायंट कॉल हॅज बीन पुट ऑफ.’ तुम्ही विचारा, ‘सो इट इज पोस्टपोन्ड, नॉट कॅन्सल्ड. राइट, सर?’ कुणी म्हणालं, ‘प्लीज लुक इंटू इट.’ तुम्ही म्हणा, ‘आय विल इन्व्हेस्टिगेट अँड रिपोर्ट बाय इव्हिनिंग.’ शाळेने दिलेला वरचा मजला इथे कामी येतो. समोरच्याला तुम्ही दक्ष वाटता, आणि गैरसमज असेल तर तिथल्या तिथे निघतो.

आणि तुम्ही स्वतः लिहिताना? जिथे सुरक्षितता, पैसा किंवा तारीख आहे, तिथे सरळ एकशब्दी क्रियापद वापरा. बोलण्यात ‘पुट ऑफ’ म्हणा, ईमेलमध्ये ‘पोस्टपोन्ड टू १४ ऑगस्ट’ लिहा. वाचणारा तुमच्यासारखाच कुणीतरी, दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या मातृभाषेचा असतो.

आता या आठवड्याचा गृहपाठ. खिशात छोटी वही ठेवा. रोज फक्त तीन जोडक्रियापदं, कामावर खरोखर ऐकलेली, पूर्ण वाक्यासकट टिपा. शेजारी लिहा : कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं, मराठीत आपण काय म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक स्वतः वापरा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर महिन्याकाठी सत्तरच्या आसपास होतात, आणि रोजच्या कामाचा बराचसा भाग त्यांत येतो. यादी बाजारातही मिळते, पण तुमच्या कामाच्या जागेची यादी तुम्हालाच करावी लागेल.

पुढच्या भागात आपण ‘गेट’ या एकाच शब्दाची फौज बघणार आहोत : गेट अप, गेट ऑन, गेट थ्रू, गेट अवे विथ, आणि आणखी बरीच मंडळी. वहीत तोवर काय जमा झालं ते जरूर कळवा. काळजी घ्या, आणि ‘कॅरी ऑन’! जय हिंद.